शाईचं शेवटचं वेत

त्या घरातलं मांजराचं पिल्लू चार महिन्यांचं झालं की त्याची परीक्षा व्हायची. सकाळचं ऊन समोरच्या इमारतीवरून उतरून खिडकीच्या कट्ट्यावर आलं, की सासरे शर्टाच्या खिशातून तांब्याचं एक जुनं नाणं काढायचे. त्यावरचा छाप कधीच झिजून गेला होता. पिल्लाला कट्ट्यावर बसवायचं, हनुवटीखाली बोट धरून तोंड उजेडाकडे वळवायचं आणि नाणं डोळ्याशेजारी धरायचं. डोळा आणि नाणं एका रंगाचं दिसलं, तर सासरे मान हलवायचे आणि पिल्लाचं नाव ठेवायचे. डोळ्यात हिरव्याची नुसती झाक जरी दिसली, तरी नाणं खिशात परत जायचं आणि ते पिल्लू बिननावाचंच कुणाच्या तरी घरी, दुकानात नाहीतर गोदामात रवाना व्हायचं.

सासरे उभं आयुष्य छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवत आले होते. उलटी अक्षरं वाचायची सवय डोळ्यांना इतकी लागलेली, की समोर बसलेल्या माणसाच्या हातातलं वर्तमानपत्र ते पलीकडून वाचून काढायचे आणि त्यातली चूक त्या माणसाच्या आधी सांगायचे. मांजरंही त्यांनी शिशाच्या रंगाचीच पाळली: राखाडी, किंचित निळसर, आखूड दाट केसांची, वाटोळ्या डोक्याची. नावंही कामावरचीच. समास, ठसा, शाई, मथळा. तरुणपणी आणलेल्या एका जोडीपासून त्यांनी हे घराणं उभं केलं होतं. मांजर पाळणाऱ्यांच्या मंडळात त्यांना ‘छापखान्याची मांजरं’ म्हणत. कपाटावर प्रदर्शनांतल्या चषकांची रांग होती. इतक्या वर्षांत बाहेरचं मांजर या घराण्यात एकदाही आलं नव्हतं. त्याबद्दल सांगताना सासरे ‘शुद्ध’ हा शब्द वापरायचे, आणि वापरताना खुर्चीत थोडे ताठ व्हायचे.

सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून ती काचा घासून फ्रेमच्या मापाला आणायची. केसाएवढी कड जास्त राहिली तर काच बसत नाही, केसाएवढी कमी झाली तर वाया जाते. गल्लीत तिला सगळे चष्मेवालीच म्हणत. तिला स्वतःला मात्र चष्मा नव्हता. लग्न होऊन आली तेव्हा मांजरांचं तिला काही वेड नव्हतं. ‘मी होकार मुलाला दिला होता, मांजरांना नव्हे,’ असं ती पहिली दोन-तीन वर्षं सांगत असे. पण सासूबाई गेल्या, सासऱ्यांचे हात थरथरायला लागले, आणि एकदा शाईच्या आईला दूध आलं नाही म्हणून पिल्लांना बाटली कोण देणार असा प्रश्न पडला. तो प्रश्न चष्मेवालीने हातात घेतला आणि तो हातातच राहिला. जन्माला येणारी पिल्लं तिच्या ओंजळीत यायची. मरणारीही.

आणि मरायला लागली होती खरी. पूर्वी एका वेताला पाच-पाच पिल्लं व्हायची म्हणे. आता दोन, कधी एकच. दिसायला चित्रासारखी, पण पहिल्या आठवड्यात अंग थंड पडायचं, दूध ओढायचा कंटाळा करायची आणि विझत जायची. जगली त्यांच्या हिरड्या सुजायच्या. सासरे म्हणायचे, ‘हवा बदललीय.’ नंतर म्हणायचे, ‘दूध पूर्वीसारखं येत नाही.’ मग एका दुपारी ठसा गेला.

ठसा हा त्या घराण्याचा मुकुटमणी. त्याचे डोळे नाण्यापेक्षा तांबडे होते. नाणंच त्याच्यापुढे फिकं दिसायचं. दोन वर्षांचा असताना त्याने मोठ्या प्रदर्शनात पहिला नंबर काढला, आणि मंडळात ज्याच्याकडे म्हणून या जातीची मादी होती तो प्रत्येकजण ठशासाठी दारात उभा राहिला. सासऱ्यांनीही हात आखडता घेतला नाही. वर्ष-दोन वर्षांत घरोघरी ठशाची पिल्लं झाली. दहाव्या वर्षी तो सासऱ्यांच्या खुर्चीवरून खिडकीत उडी मारायला उठला आणि खिडकीपर्यंत पोचलाच नाही. जमिनीवर आला तो मेलेलाच. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, हृदयाची भिंत जाड झालेली होती. हा रोग रक्तातून येतो, आणि कळतो तो असा उशिरा, पिल्लांची पिल्लं होऊन गेल्यावर.

त्यानंतर चष्मेवालीने घरातल्या एकेका मांजरीला टोपलीत घालून दवाखान्यात नेलं. हृदय निर्दोष निघालं ते एकट्या शाईचं. शाई म्हणजे ठशाची नात. शांत, जाडजूड, मांडीवर बसली की मांडी बधिर होईपर्यंत न उठणारी.

“एक वेत,” डॉक्टरीणबाई सोनोग्राफीच्या पडद्यावरून नजर काढून म्हणाल्या. “हृदय छान आहे, पण वय झालंय. एक वेत घ्या, मग ऑपरेशन करून टाकू आणि तिला सुखाने म्हातारी होऊ दे.”

“आणि बोका?”

“तो तुम्ही निवडा. नात्यातला नको, एवढंच सांगते. आणि तुमच्या त्या मंडळात मला नात्याबाहेरचा एकही दिसत नाही. म्हणजे जातीबाहेरचा.”

“बाहेरचा आणला की सगळं ठीक होईल?”

“असं मी म्हटलं नाही. बाहेरचं रक्त म्हणजे औषधाची बाटली नव्हे. त्याच्यात त्याचे दोष असतातच, म्हणून त्यालाही तपासून घ्यायचं. पण आई-बापांचे दोष वेगवेगळे असले, तर एकच दोष पिल्लाच्या वाट्याला दोन्हीकडून येत नाही. तुमच्याकडे आता दोन्हीकडून एकच येतोय.”

चष्मेवालीने शाईला टोपलीत घातलं. घरी येईपर्यंत तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. घरच्यांना सांगणं तेवढं बाकी होतं, आणि ते काचा घासण्याहून अवघड होतं.

ती वेळ आणली नणंदेने. नणंदेचं केस कापायचं दुकान होतं, दोन रस्ते पलीकडे. दुकानाच्या काचेवर तिच्या बोक्याचा, मथळ्याचा, मोठा फोटो होता; गळ्यात तांबडी फीत, चेहऱ्यावर जन्मजात नापसंती. मथळा ठशाचा मुलगा. सुट्टीच्या दिवशी नणंद चहाला आली आणि कप हातात येण्याआधीच तिने विषय काढला.

“शाई माजावर आली की माझ्याकडे पाठव गं. मथळा तयारच आहे.”

“तो कधी तयार नसतो?” नवरा म्हणाला. तो बस चालवायचा आणि घरी आल्यावर कुठल्याही गाडीत पुढे बसत नसे, भांडणाच्या तर नाहीच. “या घरात माझ्या लग्नाची जेवढी चर्चा झाली नसेल तेवढी मांजरांच्या लग्नाची होते.”

“तुझ्या लग्नात चर्चा करण्यासारखं काय होतं?” नणंद म्हणाली. “मुलगी हो म्हणाली, आम्ही घाईघाईने उरकून घेतलं.”

चष्मेवालीही हसली. मग तिने कप खाली ठेवला.

“ताई, मथळ्याचं हृदय तपासून घेतलंत?”

“त्याला काय झालंय? दोन जिने एका दमात चढतो.”

“ठसाही चढायचा.”

ठशाचं नाव या घरात जपून घेतलं जायचं, आणि सासऱ्यांसमोर तर घेतलंच जात नसे.

“मथळा ठशाचा मुलगा, शाई ठशाची नात,” चष्मेवाली म्हणाली. “मी शाईला मथळ्याकडे पाठवणार नाही, ताई. मी तिला बाहेर देणार आहे.”

“बाहेर म्हणजे, दुसऱ्या गावी?”

“दुसऱ्या जातीत.”

नणंदेने आधी वडलांकडे पाहिलं आणि मग वहिनीकडे. “म्हणजे पट्टेवाली, लांबकानी काहीतरी पिल्लं करायची आणि त्यांना छापखान्याची मांजरं म्हणायचं? मंडळ नाव नोंदवेल का?”

“परवानगी मागितली आहे. चिटणीस म्हणाले, कच्ची नोंद करू. तीन पिढ्या नीट निघाल्या की पक्की. तोवर प्रदर्शनात बसवता येणार नाही.”

“तीन पिढ्या,” नणंद म्हणाली. “ऐकलंत का, बाबा?”

बाबांनी ऐकलं होतं. ते उठले, कप आत नेऊन ठेवला, धुतलासुद्धा, आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. त्यांनी दार आपटलं असतं तर बरं झालं असतं. ते त्यांनी अगदी हळू लावलं.

त्या दिवसापासून सासऱ्यांनी सुनेशी बोलणं सोडलं. म्हणजे तसं सोडलं नाही. ते शाईमार्फत चालू ठेवलं. “शाई, सांग तिला, चहात साखर कमी आहे.” “शाई, विचार तिला, माझी औषधाची गोळी कुठे ठेवली.” चष्मेवालीही शाईला उत्तर द्यायची: “शाई, सांग त्यांना, गोळी त्यांच्या समोर आहे.” शाई दोघांकडे आळीपाळीने पाहायची आणि पंजा चाटायला घ्यायची. नवऱ्याने एकदा “शाई, यांना म्हणावं, मीही इथे राहतो,” असं म्हणून पाहिलं. त्याला कुणीच उत्तर दिलं नाही.

पण चष्मेवाली मागे हटली नाही. ती भांडलीही नाही. दुकानातून येताना ती एका सुताराच्या कारखान्याशी उतरली. या सुताराकडे दुसऱ्या एका जातीची मांजरं होती, दणकट, पट्टेरी, आणि मंडळाने ज्या जातींशी जोड लावायला परवानगी दिली होती त्यांत त्या जातीचं नाव होतं. कारखान्यात लाकडाच्या भुशाचा आणि सरसाचा वास होता. रंधा मारलेल्या फळ्यांच्या ढिगावर एक अजस्र बोका पसरलेला होता. कान मोठे, मान जाड, डोळे पिवळट हिरवे, आणि तोंडातून लाळेचा एक धागा खाली लोंबत होता.

“हाच भोपळ्या,” सुतार म्हणाला. “खूश असला की गळतो. तुम्ही कुठल्या?”

तिने सांगितलं.

“छापखान्याची मांजरं?” सुताराने कानावरची पेन्सिल काढून परत कानावर ठेवली. “ते तांबड्या डोळ्यांचं राजघराणं? आमच्याकडे कशी वाट चुकलात?”

“चुकले नाही. विचारत विचारत आले.”

“तर मग आधी तुमच्या मांजरीचा हृदयाचा रिपोर्ट दाखवा. रागवू नका. याच्यापर्यंत येणाऱ्या प्रत्येकीला मी विचारतो. बहुतेक जण फोटो दाखवतात.”

चष्मेवालीने पिशवीतून रिपोर्ट काढून त्याच्या हातात दिला. त्याने तो चष्मा कपाळावर चढवून, डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचला.

“वा. तुम्ही फोटो आणलाच नाहीत.”

“आता याचा दाखवा,” ती म्हणाली.

सुतार हसला आणि हत्यारांच्या खणातून भोपळ्याचे रिपोर्ट काढले. भोपळ्या काही तरुण नव्हता. मधल्या वयाचा होता, आणि तेच तिला हवं होतं. दोन वर्षांच्या बोक्याचं हृदय कुणाचंही चांगलं निघतं. “याचा बाप अजून माझ्या बहिणीकडे आहे,” सुतार सांगत होता. “दात पडले, पण खोड काही गेली नाही. परवाच त्याने पोस्टमनला गच्चीपर्यंत पळवलं.”

तिने भोपळ्याच्या छातीवर हात ठेवला. लाळ मनगटावर ओघळली. हाताखाली हृदय शांतपणे, कामाला लागल्यासारखं चाललं होतं. तिने हात पुसला नाही.

“तुमच्या चष्म्याची उजवी काच सैल आहे,” निघताना ती म्हणाली. “दुकानात या, बसवून देते.”

शाई माजावर आली ती एका सकाळी. सगळं घर डोक्यावर घेऊन ती जमिनीवर लोळायला लागली. चष्मेवालीने दुकानात निरोप पाठवला, टोपलीत जुना टॉवेल घातला आणि टोपली दाराशी ठेवली. शाईला घ्यायला वळली, तर शाई सासऱ्यांच्या मांडीवर. सासऱ्यांचे दोन्ही हात तिच्या पाठीवर होते, आणि त्या वेळी ते अजिबात थरथरत नव्हते.

ओढून घ्यायला तिला काही अवघड नव्हतं. ती समोर स्टूल ओढून बसली.

“शाई,” सासरे म्हणाले, “सांग तिला, एका ओळीत दोन वळणांचे खिळे घातले तर मी तो मजकूर परत पाठवत असे. डोळ्यांत खुपतो. वाचणाऱ्याला कळत नाही काय खुपतंय, पण खुपतं.”

“बाबा, माझ्याशी बोला. शाईला आज तिचाच व्याप पुष्कळ आहे.”

शाईने मान वर करून एक लांबलचक हाक दिली.

“एक विचारते,” चष्मेवाली म्हणाली. “जुळवलेल्या पानाच्या फर्म्यात एक खिळा तुटका राहिला आणि छपाई सुरू झाली, तर चूक किती प्रतींत येते?”

“सगळ्या.” हे ते चटकन बोलून गेले, कामाचा प्रश्न होता. मग सावध झाले. “सगळ्या प्रतींत येते. म्हणून मशीन थांबवतात आणि खिळा बदलतात. त्याच वळणाचा खिळा घालतात. दुसऱ्या वळणाचा नाही घालत.”

“आणि त्या वळणाचे खिळे संपले असले तर?”

सासऱ्यांची बोटं शाईच्या केसांत थांबली.

“मी शोधले, बाबा. मंडळातल्या एकेका घरी फोन केला. आमची मांजर ठशाची, आमचा बोका ठशाचा, आमच्याकडचा ठशाच्या मुलीचा. अभिमानाने सांगतात सगळे. ज्याच्यात ठसा नाही असा एकही खिळा त्या खणात राहिलेला नाही.”

“मला माहीत नव्हतं,” सासरे म्हणाले. ते सुनेकडे नाही, खुर्चीपासून खिडकीपर्यंतच्या जमिनीकडे पाहत होते. “त्याला काही आहे हे मला माहीत नव्हतं. दोन वर्षांचा होता तो.”

“कुणालाच माहीत नव्हतं. तुम्ही दिलात कारण त्याच्यासारखा दुसरा नव्हता. माझ्या हातात असता तर मीही दिला असता.”

“पण ही डोळ्यांची ओळ पुसली जाईल.”

“मागे पडेल. पुसली जाणार नाही, मी आहे ना. मलाही तांबडे डोळेच हवेत. पण त्यांच्यामागे मांजर जिवंत हवं.”

बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली. मग सासऱ्यांनी शाईच्या पाठीवरचे हात उचलले आणि खुर्चीच्या दोन्ही दांड्यांवर ठेवले. त्यांनी शाई दिली नाही. पण धरूनही ठेवली नाही. चष्मेवालीने तिला उचलून टोपलीत घातलं.

वेताचे दिवस भरेपर्यंत सासऱ्यांनी त्या विषयावर अवाक्षर काढलं नाही, आणि मध्यस्थी करायचं शाईचं कामही कमी झालं. नणंद यायची बंद झाली. दुकानावरून जाताना चष्मेवाली काचेतून हात करायची, आणि नणंद कुणाच्या तरी डोक्यात कात्री घालून इतकी गुंतलेली असायची की तिला दिसायचंच नाही.

शाई व्याली ती भर दुपारी, इस्त्रीच्या टेबलाखालच्या खोक्यात. चष्मेवाली गुडघ्यांवर बसलेली होती. पहिलं पिल्लू आलं, काळ्या पट्ट्यांचं, आणि आईने चाटायच्या आधीच ओरडलं. दुसरं, तिसरं, चौथं. पाचवं आलं ते गप्प होतं. चष्मेवालीने त्याला टॉवेलात घेऊन पाठ चोळली, चोळत राहिली, तोंडातला चिकटा बोटाने काढला. मागच्या वेताला असंच चोळता चोळता हातातलं पिल्लू गार झालं होतं आणि तरी ती थांबली नव्हती. आता हातात काहीतरी फडफडलं. पिल्लाने जबडा उघडला आणि शिंक दिली.

दारात सासरे उभे होते. कधीपासून, कोण जाणे.

“किती?” त्यांनी विचारलं. थेट तिला.

“पाच.”

“जिवंत किती?”

“पाच.”

ते आत गेले आणि थोड्या वेळाने चहा करून घेऊन आले. साखर जास्त पडली होती. तिने तो संपवला.

पिल्लं जगली, एवढंच म्हटलं तर कमी होईल. ती घरावर राज्य करायला लागली. पहिल्या आठवड्यात चष्मेवाली रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्यांचं वजन करायची, आणि सासरे वर्तमानपत्रामागून विचारायचे, “आज वजन काय आलं?” ती सांगायची. “कुणाचं?” म्हणून तिने विचारलं, तर म्हणायचे, “कुणाचंही. मला काय करायचंय?” एक दिवस त्या पट्टेरी टोळीने पडद्यावरून चढून कपाटावरचा एक चषक खाली ढकलला. सासऱ्यांनी तो उचलून खिडकीपाशी नेला, उजेडात फिरवून पाहिला.

“चेपला.”

“टिनवाल्याकडे देऊ?” नवऱ्याने विचारलं.

“राहू दे. त्या वर्षी दुसराच नंबर होता.”

पाचांतली चार पट्टेरी होती, बापावर गेलेली, कान मोठे आणि आवाज त्याहून मोठा. पाचवी, जिला पाठ चोळून जगवलं होतं ती, मात्र सगळ्या अंगाने शिशाच्या रंगाची निघाली. वाटोळं डोकं, दाट केस, आणि जसजसे दिवस जात होते तसतसे तिचे डोळे निळ्यावरून पिवळ्यावर आणि पिवळ्यावरून पुढे सरकत होते. घरात कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं. पण सासऱ्यांचा हात अधूनमधून शर्टाच्या खिशाकडे जायचा आणि परत यायचा.

चार महिने झाले. एका सुट्टीच्या सकाळी नणंद आली. इतक्या दिवसांनी आली, आणि जणू कालच येऊन गेल्यासारखी येऊन बसली. चष्मेवालीनेही कालच भेटल्यासारखा चहा पुढे केला.

ऊन कट्ट्यावर उतरलं. सासरे उठले.

“ती शिशाच्या रंगाची आण,” ते म्हणाले.

चष्मेवालीने तिला कट्ट्यावर बसवलं आणि हनुवटीखाली बोट धरून तोंड वळवलं. सासऱ्यांनी नाणं डोळ्याशेजारी धरलं. हात थरथरत होता, म्हणून तिने दुसऱ्या हाताने त्यांचं मनगट धरलं. सगळे वाकून पाहत होते. रंग नाण्याचा नव्हता. नाण्याच्या एक पायरी अलीकडचा होता. पण हिरव्याची झाक नव्हती.

“जमलं,” नणंद म्हणाली. “हिला ठेव. बाबा, नाव ठेवा.”

“पुरवणी,” सासरे म्हणाले. ते नाव त्यांच्याजवळ तयार होतं, हे सगळ्यांना कळलं. त्यांचा चेहरा कित्येक दिवसांत असा उजळला नव्हता. “आता हिला मोठी होऊ दे, आणि वर्षाची झाली की लगेच मथळ्याला द्या. डोळे पक्के होतील. एका पिढीत सगळं जागेवर येईल. मी पाहीन.”

चष्मेवालीने पुरवणीला उचलून छातीशी घेतलं. याच क्षणाची तिला भीती होती. पिल्लं मेली असती तर नाही म्हणायला काही उरलंच नसतं. हे इतकं चांगलं निघालं होतं, म्हणूनच नाही म्हणणं जड होतं. ती तोंड उघडणार, तेवढ्यात नणंद म्हणाली:

“मथळा नाही, बाबा.”

“का?”

“आता त्याला कुणाकडेच द्यायचं नाही. ऑपरेशन करून घेतलं त्याचं.” ती कपातला चहा ढवळत होती, साखर केव्हाच विरघळली होती. “हृदयाच्या गोळ्या चालू आहेत. खातो बिचारा. दुकानात झोपतो दिवसभर.”

दुकानाच्या काचेवरचा फोटो गेल्या महिन्यात उतरलेला चष्मेवालीने पाहिला होता. तिने तेव्हाही विचारलं नव्हतं, आताही नाही. तिने फक्त आपली खुर्ची नणंदेच्या बाजूला सरकवली.

“मग कुणाला द्यायची?” सासऱ्यांनी विचारलं.

“कुणालाच नाही, अजून,” चष्मेवाली म्हणाली. “दीड वर्षाची झाली की हृदय तपासायचं. चांगलं निघालं तरच पुढचं. बोका शोधायचा तोही तपासलेला, आणि ठशाच्या बाहेरचा. आणि हिला एकटीला ठेवणार नाही मी. पट्टेरीतली ती मोठीही ठेवणार.”

“हिरव्या डोळ्यांची?”

“हिरव्या डोळ्यांची. पाचांत सगळ्यांत दणकट तीच आहे.”

“दीड वर्ष,” सासरे म्हणाले. “मला तेवढा वेळ नाही, सूनबाई.”

तिला त्यांचं खोटं समाधान करता आलं असतं. काय हो बाबा, असं काय बोलता, असं सगळेच म्हणतात. ती त्यांच्याशी तसं कधी वागली नव्हती.

“तिला आहे, बाबा,” ती म्हणाली.

मोठी पट्टेरी तोवर आपल्या आपण कट्ट्यावर चढली होती. तिने नाण्याकडे पाहिलं, पंजा मारला, आणि नाणं टणटणत जाऊन कपाटाखाली गेलं. चष्मेवाली जमिनीवर आडवी झाली, पट्टी घालून ते बाहेर काढलं, पदराने पुसलं आणि सासऱ्यांपुढे धरलं. सासऱ्यांनी ते घेतलं नाही.

“तुझ्याकडे ठेव,” ते म्हणाले. “दीड वर्षाची झाली की हिचे डोळे परत बघ. तोवर रंग पक्का झालेला असतो. आणि सकाळच्याच उन्हात बघ, दुपारी फसायला होतं.”

“आणि हिचं नाव?” तिने पट्टेरीकडे बोट केलं.

“पट्टेवालीला मी नाव ठेवणार नाही.”

“मग मी ठेवते. परिच्छेद.”

“हाक मारून होईपर्यंत मांजर जिना उतरून गेलेलं असेल,” नवरा म्हणाला.

सासऱ्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. पण त्यांचे खांदे हलत होते, आणि ते हसण्याने हलत होते हे नणंदेने चष्मेवालीला डोळ्यांनीच दाखवलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात पोचल्यावर चष्मेवालीने नाणं फ्रेमच्या बारीक स्क्रूंच्या डबीत ठेवलं, मशीन सुरू करण्याआधी दवाखान्यात फोन लावला, आणि हृदयाच्या तपासणीसाठी पिल्लं दीड वर्षाची होतील तेव्हाची वेळ मागितली. पलीकडची मुलगी हसली. एवढ्या पुढची वही अजून छापून आली नाही, म्हणाली.

“आली की पहिलं नाव आमचं लिहा,” चष्मेवाली म्हणाली. “मांजरं दोन आहेत.”